पायलटसाहेबांचं विमान

लिंबागणेश, ता. जि. बीड
१२ जून २०२५

चि. दिपालीस,

आत्याचे आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नको, इकडे सगळे जिवंत आहेत.

फोन का केला नाही म्हणशील. अगं, मला हल्ली कमी ऐकू येतं. फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय एक अक्षर कळत नाही, आणि स्पीकरवर टाकला की ओसरीवर बसलेल्या ह्यांच्यापासून, म्हणजे तुझ्या मामांपासून, पारावरच्या रिकामटेकड्यांपर्यंत सगळ्यांना कळतं. ही गोष्ट मामांना कळता कामा नये. म्हणून तुझं उत्तर शेजारच्या रुक्मिणीबाईंच्या पत्त्यावर पाठव. पन्नास वर्षांची मैत्रीण आहे, तिच्या पोटातून काही बाहेर येत नाही.

तर ऐक. दिवाळीनंतर, नऊ नोव्हेंबरला, ह्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. रामेश्वरच्या डोक्यात मंडप, पंगत, पुढारी असं सगळं आहे. तो माझा मुलगा असला तरी आधी राजकारणी आहे, तेव्हा ते चालायचंच. माझ्या डोक्यात मात्र विमान आहे. तुझ्या मामांनी तरुणपणी हैदराबादला शिकताना चालवलं ते, दोन मजली पंखांचं, टायगर मॉथ. त्याचंच लहान रूप करायचं, खरोखर उडणारं, आणि त्या दिवशी गावासमोर उडवायचं.

हसू नको. बीडचे विजयसिंह म्हणून आहेत, आयटीआयमध्ये शिकवायचे, आता घरी अशी विमानं करून रिमोटवर उडवतात. सांगाडा ते करतायत, मूळ विमानाच्या चौथ्या हिश्शाचा. पंख पसरले की आपल्या स्वयंपाकघरात मावत नाही. कापड मात्र मी चढवणार. तीस वर्षं शाळेत पोरींना शिवण शिकवलंय, फुकट नाही. खऱ्या विमानालाही कापडच असायचं आणि ते आतल्या फासळ्यांना टाके घालून शिवायचे, हे विजयसिंहांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं हे काम माझ्यासाठीच थांबलं होतं.

आता तुझं काम. तू तिथंच नोकरीला आहेस. त्या फ्लाइंग क्लबातलं कुणी जुनं माणूस शोध. ह्यांच्या वेळचा रंग कोणता, अंगावर अक्षरं कोणती, आत काय काय होतं, सगळं विचार. आणि ते एकटे उडाले तेव्हा पुढच्या सीटवर बसले की मागच्या, हे नक्की विचार. मी त्यांची बाहुली करतेय, चामड्याची टोपी घातलेली. चुकीच्या जागी बसवली तर गाव हसेल.

तुझी आत्या, वत्सला


हैदराबाद
३ जुलै

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि हसत सुटले. तू आणि विमान. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, माझी बहीण आहे, काहीही करेल.

एक जुने गृहस्थ सापडले, बद्रीनाथ नावाचे. मराठीच आहेत. तेव्हा तिथं उडायला शिकवायचे. वय झालंय, नातवंडांची नावं विसरतात, पण टायगर मॉथ म्हटलं की सरळ बसतात. लिहून घे: अंग चंदेरी, नाक काळं. वरचा पंख थोडा मागे झुकलेला असतो आणि पेट्रोलची टाकी त्याच्या बरोबर मध्ये, डोक्यावर. ब्रेक नसायचे, म्हणून चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. एकटा माणूस नेहमी मागच्या सीटवर बसतो, नाहीतर तोल जातो. बाहुली मागे बसव.

आतलं ते सांगत होते पण मला नीट कळलं नाही. मी मामांचं नाव काढलं. "कोण, मोहन? लिंबागणेशचा?" एवढंच म्हणाले आणि चहा सांगितला. मग त्यांची औषधाची वेळ झाली. पुन्हा जाईन.

आत्या, एक कर. मामांना सहज विचार, की विमानात बसल्यावर समोर काय दिसायचं. त्यांच्याकडूनच कळलं तर जास्त बरं.

तुझी दिपाली


लिंबागणेश
१९ जुलै

चि. दिपालीस,

बद्रीनाथांना माझा नमस्कार सांग. रंग कळला, काम झालं. पण बाई, तू फार हळू चालतेस. नाव विचारलं, चहा प्यालीस, आणि परत आलीस. सोयरीक बघायला गेलीस की काय.

तुझ्या मामांना मी बरोबर बोलतं केलं. रुक्मिणीबाईंच्या नातीला विमानावर निबंध लिहायचाय असं सांगितलं. मग काय विचारता. जेवण थंड झालं तरी हे थांबेनात. नाकाखालून तेल कसं ठिबकायचं, पहाटे कापडावर दव कसं असायचं, शेपूट उचलून विमान वळवायचं तर हात कुठं धरायचा, पंखा फिरवताना बोटं पात्याभोवती आवळायची नाहीत, नाहीतर इंजिन उलटं मारलं की बोटं जातात. साठ वर्षं झाली, माणूस एक गोष्ट विसरलेला नाही. मी विचारलं, "बसल्यावर समोर काय दिसायचं वो?" तर म्हणाले, "पंखा. हात लांब केला की हाताला लागंल, इतका जवळ."

हे मी विजयसिंहांना सांगितलं. ते कापसानं लाकूड पुसत होते. म्हणाले, "बाई, मागल्या सीटवरून पंखा एवढा जवळ न्हाई दिसत. मधी आख्खं नाक येतं, पुढली सीट येती." मी म्हटलं, तुम्ही कधी खऱ्यात बसलात का? न्हाई ना? मग जो बसलाय त्याचं ऐका. पुन्हा लाकूड पुसायला लागले बिचारे.

वरच्या पंखाचं कापड झालं. गाठी सारख्या अंतरावर आल्यात, तू बघशील तर बोटं तोंडात घालशील. बाहुलीची टोपी माझ्या जुन्या पर्समधून निघाली. मिशी लावली, अगदी हेच दिसतात.

रामेश्वर कार्डं छापायला टाकतोय: "माजी वैमानिक श्री. मोहनराव". पोलीस ठाण्यातून उडवायची परवानगीही त्यानं आणली. ड्रोनच्या अफवा उठल्यापासून आकाशात काही घरघरलं की लोक काठ्या घेऊन निघतात, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. ह्यांना अजून पत्ता नाही. तू मात्र अक्षरं कोणती ते कळव.

तुझी आत्या


हैदराबाद
८ ऑगस्ट

प्रिय आत्या,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि फाडलं. आता सरळ लिहिते. तू एकटी असशील तेव्हा वाच.

मामांनी विमान कधी चालवलं नाही.

मी बद्रीनाथांकडे तीन वेळा जाऊन आले. पहिल्या वेळीच शंका आली होती, पण मला वाटलं वयामुळं त्यांचा गोंधळ होत असेल, म्हणून तुला लिहिलं नाही. मामांना विचार म्हणाले ते त्यासाठीच. तुझं उत्तर वाचलं आणि खात्री झाली. आत्या, तू लिहिलंस ते सगळं बाहेरून दिसणारं आहे.

मामा शिकायलाच गेले होते, हे खरं. नजरेच्या तपासणीत नापास झाले. बाकीची नापास पोरं घरी गेली, मामा गेले नाहीत. ते तिथंच राहिले आणि विमानांचे पंखे मारायचं काम करू लागले. त्या विमानाला चावी नसायची. कुणीतरी पुढं उभं राहून हातानं पंखा फिरवायचा, मग इंजिन लागायचं. बद्रीनाथ म्हणतात, "मोहन आमचा पंखेवाला. तीन वर्षं होता." एकदा तरी बसले असतील ना, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. विचारलं होतं आम्ही. तो नको म्हणायचा."

कार्डं छापू देऊ नकोस. मला माफ कर, मला दुसरं कसं सांगावं कळलं नाही.

तुझी दिपाली


लिंबागणेश
१४ ऑगस्ट

दिपाली,

त्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. ज्याला नातवंडांची नावं आठवत नाहीत, त्याच्या बोलण्यावर तू माझ्या नवऱ्याला खोटं ठरवतेस? आमचं लग्न जमलं तेव्हा तुझे आजोबा चार ठिकाणी नाही म्हणून बसले होते. इथं हो म्हणाले ते पोरगा विमान चालवलेला आहे म्हणून. ह्यांच्या धुळाजीमामांनी मध्यस्थी केली, त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. ते काय खोटं बोलतील?

पुन्हा तिकडे जाऊ नकोस. अक्षरं माझी मी घालीन.

वत्सला


लिंबागणेश
२१ सप्टेंबर

चि. दिपालीस,

माझं मागचं पत्र फाडून टाक. महिनाभर लिहिलं नाही. पावसानं रस्ते बंद होते हे एक, आणि हात चालत नव्हता हे खरं.

तू लिहिलंस ते खरं आहे. पण त्याहून मोठं मला इथं कळलंय. तू बसून वाच.

तुला रागानं लिहिलं खरं, पण मनात कीड लागली. म्हणून मी रामेश्वरकडे गेले, म्हटलं कार्डं थांबव, वैमानिक शब्द काढ. कारण सांगितलं नाही. तो फोनवर बोलत होता. फोन न ठेवताच म्हणाला, "आई, असू दे की. समद्या गावाला म्हाईतच हाय." मी म्हटलं, काय म्हाईत हाय? तेव्हा त्यानं फोन ठेवला. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "तुला ठाऊक न्हाई?"

दिपाली, सगळ्या गावाला ठाऊक आहे. आमच्या लग्नाच्या आधीपासून. गावातला कुणीतरी तेव्हा हैदराबादला गेलता, त्यानं ह्यांना पंखा मारताना बघितलं आणि येऊन पारावर सांगितलं. तेव्हापासून ह्यांचं नाव पायलट. मी लग्न होऊन आले तेव्हा लोक म्हणायचे, "पायलटसाहेब, बसा. पायलटसाहेब, चहा घ्या." मला वाटायचं केवढा मान आहे ह्या घराला. ते हसत होते गं. रामेश्वरला शाळेत पोरं "पंखा मार" म्हणून चिडवायची, आणि तो घरी येऊन मला काही बोलायचा नाही.

आणि मी? मी दर हळदीकुंकवाला सांगितलंय. शाळेत दर वर्षी नव्या पोरींना सांगितलंय. इंजिन बंद पडलं आणि ज्वारीच्या वावरात कसं उतरवलं, ते मी हात हलवून करून दाखवायची. बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या. मला वाटायचं भीतीनं.

तशीच रुक्मिणीबाईंकडे गेले. ती भाकरी थापत होती. विचारलं, तुला ठाऊक होतं? ती थापायची थांबली. म्हणाली, "वत्सला, तुला ठाऊक न्हाई हे आमाला कुठं ठाऊक व्हतं? आमाला वाटायचं, तू नवऱ्याची बाजू सावरतीस. लई कौतुक वाटायचं तुझं." तव्यावरची भाकर जळाली तरी आम्ही दोघी तशाच बसलो.

मग घरी आले. हे ओसरीवर शेंगा सोलत होते. मी विचारलं, तुम्ही विमानात कधी बसला होता का? ते शेंगा सोलतच राहिले. मग म्हणाले, "न्हाई." मी म्हटलं, मला कधी सांगणार होता? म्हणाले, "बैठकीत धुळाजीमामानं सांगून टाकलं, मी खाली मान घालून बसलो. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात सांगणार होतो. तवर तू शाळेत सांगून आली होतीस." मी विचारलं, आणि ते ज्वारीचं वावर? "ते दुसऱ्याचं. मी पळत गेलतो बघायला."

एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही.

मी रुक्मिणीबाईंच्या गोठ्याकडच्या खोलीत गेले, जिथं ह्यांच्यापासून लपवून विमान ठेवलंय. बाहुली ओढून काढली आणि चुलीत टाकली. मग कात्री घेतली. कापड असं ताणून बसलंय की टोक लावलं असतं तर टर्रकन गेलं असतं. त्या दिवशी कामाला आलेले विजयसिंह दारात उभे होते. म्हणाले, "बाई, शिलाई तुमची हाय, उसवायची तर उसवा. पण लाकूड माझं हाय, त्याला धक्का लागू देऊ नका." मला त्या स्थितीतही हसू आलं, मग रडू आलं, आणि कात्री खाली ठेवली.

नऊ नोव्हेंबरला मी त्यांच्या शेजारी पाटावर बसणार नाही. जोडीनं बसावं लागतं, पूजा जोडप्याची असते, मला ठाऊक आहे. त्यांनी एकट्यानं बसावं, नाहीतर बसू नये. पन्नास वर्षं गावानं मला पाटावर बसवून हसून घेतलंय, आता पुरे. रामेश्वर पाया पडून गेला. भटजी म्हणतात बायको जिवंत असताना एकट्याची पूजा मांडणार नाही. कार्डं वाटून झाली आहेत. होऊ दे काय व्हायचं ते.

आत्या


हैदराबाद
५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी सुन्न झाले. गावाला ठाऊक आणि तुला नाही, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी एक गोष्ट शोधायला गेले आणि तुझ्या घराचा पाया उकरून बसले.

पाटावर बस असं मी म्हणणार नाही. तुझा राग खरा आहे. मी तुझ्या जागी असते तर कात्री चालवली असती. पण एक विचारते. गाव कुणाला हसलं? तुला की मामांना? तू तर खरं समजून सांगत होतीस. ते रोज ऐकत होते. पायलटसाहेब म्हटलं की का म्हणतात हे त्यांना कळत होतं, आणि तरी त्याच पारावर रोज जाऊन बसत होते. मला ते डोक्यातून जात नाही.

बद्रीनाथांना मी तुझं काही सांगितलं नाही. विमान झालं का एवढंच ते विचारतात.

तू नाही बसलीस तर मी तुझ्यासोबत ओसरीवर बसेन. सुट्टी मागितली आहे, मिळाली तर येते. काय ठरवलंस ते कळव.

तुझी दिपाली


लिंबागणेश
११ नोव्हेंबर

चि. दिपालीस,

तुला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सगळं लिहिते. रामेश्वरनं व्हिडिओ पाठवला असेल, पण त्यात अर्धा वेळ तोच दिसतो.

आदल्या दिवसापर्यंत माझं ठरलं नव्हतं. तुझं पत्र उशीखाली होतं. ह्यांनी तेवढ्या महिन्यांत मला एकदाही पाटावर बस म्हटलं नाही. भटजींना मात्र माझ्या नकळत जाऊन सांगून आले होते, की तिला जबरदस्ती करायची नाही, पूजा रद्द करा. हे मला भटजींनीच सांगितलं. मी सकाळी उठले आणि हिरवं लुगडं नेसले. बसले. पण मनात अट घालून बसले.

पूजा झाली, ओवाळणं झालं, पुढाऱ्याचं भाषण झालं. मंडपावर मोठा बॅनर, त्यावर ह्यांचा फोटो आणि खाली माजी वैमानिक. मग सगळे मागच्या पडीक रानात गेले. विमान बाहेर काढलं तेव्हा हे दोन पावलं मागे सरले. त्यांना तोवर खरंच ठाऊक नव्हतं. जाऊन नाकाला हात लावला. मग पंखाखालून गाठी बघितल्या. "कुणी शिवलं?" विजयसिंहांनी माझ्याकडे बोट केलं.

सूत्रसंचालक म्हणाला, आता आपले पायलटसाहेब दोन शब्द बोलतील. पाठीमागं बायकांत खसखस पिकली. दिपाली, ती खसखस मी पन्नास वर्षं ऐकली असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली, आणि तेही ह्या बहिऱ्या कानांना. मी माइक घेतला. मनात घातलेली अट हीच होती.

मी म्हटलं, "बॅनरवर लिहिलंय ते खोटं हाय. ह्यांनी विमान चालवलेलं न्हाई. ह्यांनी विमानं सुरू केली. तीन वर्षं, हातानं. तुमाला ते ठाऊक व्हतं आन् मला न्हाई. मी तुमाला खोटं सांगत आले, ते मला खरं वाटत व्हतं म्हणून. ज्याला हसायचं त्यानं आता हसून घ्यावं, आमी दोघं हितंच उभे हाव."

कुणी हसलं नाही. पुढारी बुटांकडे बघायला लागला. रामेश्वरनं डोक्याला हात लावला. ह्यांच्याकडे बघायची मला हिंमत होईना.

विजयसिंहांकडे इंजिन सुरू करायचं यंत्र होतं. मी त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं, ते पिशवीतून काढू नका. त्यांनी शेपूट धरलं आणि म्हणाले, "मोहनराव, तुमी मारा पंखा." ह्यांनी पात्याकडे बघितलं. मग फेटा काढून माझ्या हातात दिला, बाह्या वर केल्या, आणि पुढं जाऊन बोटं सपाट ठेवून पातं धरलं. एकदा फिरवलं. काही नाही. दुसऱ्यांदा फिरवलं आणि इंजिन लागलं. सगळं रान थरारलं. हे अलगद मागे सरले, त्या वयात, एखाद्या तरुणासारखे.

विजयसिंहांनी शेपूट सोडून रिमोट हातात घेतला; विमान धावलं आणि वर उचललं गेलं. ऊन पंखांवर पडलं होतं, कापडातून फासळ्या दिसत होत्या. आख्खं गाव मान वर करून बघत होतं. आणि हे पाठ फिरवून जमिनीकडे बघत उभे होते.

मी जवळ गेले. म्हटलं, अहो, वर गेलंय. ते म्हणाले, "ऐकू येतंय." मी म्हटलं, मग बघा की. म्हणाले, "मी कधीच बघत न्हवतो. पंखा लागला की पाठ फिरवायचो आन् पुढल्या इमानाकडं जायचो. वर बघितलं की लई तुटायचं आत."

मला काय झालं ते सांगता येत नाही. तीन वर्षं त्या मैदानावर काढलेला माणूस, आणि त्यानं एक विमान आकाशात नीट बघितलेलं नाही. पन्नास वर्षं मी ज्या माणसाला आकाशात बसवलं होतं, त्यानं आकाशाकडे पाठ केली होती. त्यांच्यावरचा राग गेला असं मी म्हणणार नाही, तो अजून आहे. पण मी त्यांची हनुवटी धरली, सगळ्यांसमोर, आणि वर केली. म्हटलं, "मोहनराव, बघा."

बघितलं त्यांनी. तोंड उघडंच राहिलं. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं तरी पुसलं नाही.

विमान डोक्यावरून एक फेरी मारून आलं तेव्हा मला जाणवलं, की ते आणि विजयसिंह सोडून दुसरं कुणीच वर बघत नाही. आख्खं गाव माझ्याकडे बघत होतं. रुक्मिणीबाईंनी तर तोंडावर हात ठेवला होता. मला आधी कळेचना काय झालं. मग कळलं. उखाण्याशिवाय मी त्यांचं नाव जन्मात पहिल्यांदा घेतलं होतं.

तुझी आत्या